झंपराची बाही

अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२५

सविताताई,

९ नोव्हेंबरला देवळाली प्रवराला जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. काही चुकलं असेल तर क्रमांक लिहून कळवा.

१. तुमचे वडील नाना यांचं वर्षश्राद्ध होतं. तुम्ही आईंसाठी नवं झंपर शिवून आणलं होतं. माप घेतलं नव्हतं. दर वर्षीचं माप तुम्हाला पाठ आहे.

२. आईंनी ते घातलं. कमरेला ठीक बसलं. बाह्या दंडावर लोंबल्या.

३. पंगत उठली तेव्हा आईंना जमिनीवरून उठता आलं नाही. मी डाव्या बाजूने आधार दिला.

४. तुम्ही त्यांचा उजवा दंड धरून सगळ्यांना दाखवलात आणि म्हणालात, "बघा, फिजिओथेरपिस्ट सून केली. सासूच्या हाडावर मांस ठिवलं न्हाई. उपाशी मारती म्हातारीला."

५. मी म्हणाले, हे आजाराने झालं आहे, आई दोन्ही वेळा नीट जेवतात. शेजारच्या गोजरबाई काकू म्हणाल्या, "मंग खाल्लेलं जातं कुठं?" सगळे हसले.

६. आई काही बोलल्या नाहीत.

७. संध्याकाळी दाजींच्या टेम्पोतून तुम्ही आईंना मिरजगावला नेलंत. औषधांची पिशवी मी टेम्पोत ठेवली.

८. तुमचे भाऊ व माझे पती ज्ञानेश्वर मला म्हणाले, "थोडे दिवस तू नगरलाच राहा. वातावरण निवळू दे." मी सध्या दवाखान्याजवळ एका मैत्रिणीच्या खोलीवर आहे.

९. मी तुम्हाला फोन केला. त्याचं रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर आलं. म्हणून यापुढे कागद.

गोजरबाई काकूंचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर तिथे कुणाला नको होतं, म्हणून इथे लिहिते.

आईंना संधिवात आहे. वयामुळे गुडघे दुखतात तसा नव्हे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, असा हा आजार. त्यांच्या बोटांची सूज तुम्ही पाहिली आहे. पण हा दाह सांध्यांपुरता राहत नाही. त्यातून तयार होणारी द्रव्यं रक्तातून सगळीकडे जातात, स्नायूंतही जातात. निरोगी शरीर रोज थोडं मांस मोडतं आणि तेवढंच नवं बांधतं. दाह चालू असला की मोडणं वाढतं आणि बांधणं मंदावतं. दुखतं म्हणून हालचाल कमी होते, त्याची आणखी भर. माणूस दोन भाकरी खातो आणि तरी त्याचा दंड उतरतो.

तुमच्या कामातलं सांगायचं तर, तुम्ही पुढून टीप घालताय आणि मागून कुणीतरी उसवत चाललंय. दोरा जास्त लावून कपडा पुरा होणार नाही. उसवणारा हात आधी धरावा लागेल. पिशवीतली आठवड्याला एकदा घ्यायची गोळी त्यासाठी आहे. ती नुकतीच सुरू झाली होती. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ती बंद करू नका.

मला जे बोललात त्याबद्दल या पत्रात मी काही मागत नाही. गोळी चालू आहे का, एवढं कळवा.

मोनिका

*

मिरजगाव
२७ नोव्हेंबर

मोनिका हिला,

वरती आशीर्वाद लिवायची रीत हाय. या खेपेला शिल्लक न्हाई.

तुजं स्पीड पोस्ट आलं. पोस्टमननं सही घेतली. शेजारची कडूबाई इचारती, कोर्टाची नोटीस आली का गं? म्हनलं, व्हय, भावजयीची. नंबर टाकून लिवलंस. माज्या आईचे हाल तू एक ते नवात बसवलेस. डोकं लई चालतं तुजं. चुलीपशी किती चाललं ते आमी बघितलंच.

त्या गोळीचं सांगते. इथल्या मेडिकलवाल्याला दावली. तो म्हनला, ताई, ही तर कॅन्सरला देत्यात. मी तितंच बाकड्यावर बसले. आईला संधिवात हाय, तूच तसं लिवलंयस. मग कॅन्सरची गोळी कशापायी? पिशवी माळ्यावर टाकलीय.

आता माज्याकडं काय चालतं ते ऐक. सकाळी खारकाची खीर. दुपारी तुपात भिजलेली बाजरीची भाकर. एक दिसाआड पायांचं सूप. मी सोता पुढ्यात बसून घास भरवते. तू काय करायचीस? टेप घिऊन मांडी मोजायचीस. आईनंच सांगितलं, "सून फीत लावती" म्हनून. मांडी मोजलीस, घास न्हाई मोजलास. टेप मी बी लावते मोनिका, पन ज्याला लावते त्याच्या अंगावर कापड घालते.

नाना गेले तवा तू ड्युटीवर. आई न्हानीत पडली तवा तू ड्युटीवर. परक्याची हाडं सरळ करायला नगरला जायचं आनि घरातलं मानूस वाळून चाललंय.

संक्रांतीपत्तूर आईला उभी करून दावते. चारचौघांत बोलले हुते, चारचौघांतच दावीन.

सविता

*

अहिल्यानगर
६ डिसेंबर

सविताताई,

मेडिकलवाल्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हेच औषध कॅन्सरला देतात, फार मोठ्या मात्रेत. आईंना ते लहान मात्रेत, दाह दाबण्यासाठी दिलं होतं. आता मात्र मनाने पुन्हा सुरू करू नका. मधे खंड पडला आहे, आधी रक्त तपासावं लागेल. नगरला आणायचं नसेल तर कर्जतला किंवा जामखेडला चांगल्या डॉक्टरला दाखवा. मी येणार नाही. माझं नाव सांगायची गरज नाही.

खिरीला आणि सुपाला माझी हरकत नाही. आईंना अशा अन्नाची गरजच आहे. फक्त त्याने दंड भरला नाही तर खीर कमी पडली असं समजू नका.

मांडी मोजत होते, हे खरं. घासही मोजत होते. ते तुम्ही आईंना विचारलं नाहीत.

तीन गोष्टी बघून कळवा. खाटेवरून हात न टेकता उठता येतं का. भरलेला तांब्या एका हाताने उचलता येतो का. केस विंचरायला हात डोक्यामागे जातो का. वजन करू नका. या आजारात वजनावरून काही कळत नाही.

मोनिका

*

मिरजगाव
१६ जानेवारी २०२६

मोनिका हिला,

तिळगूळ घे. गोड बोलनं तुज्याकडं कदी हुतं का, तरी घे.

वजन करू नका म्हनलीस म्हनून मुद्दाम केलं. यांच्या आडतीवर कांद्याच्या गोन्यांचा काटा हाय. हमालांनी आईला खुर्चीसकट उचलून काट्यावर ठिवलं, मग खुर्ची वजा केली. तुज्या पिशवीतल्या कागदावर हुतं त्यापरीस चार किलोनं वाढली! हमाल म्हनला, "आजी, माल तयार झाला, आता मार्केटला धाडाया हरकत न्हाई." आई लई दिसांनी हसली.

दुखनं तर पार गेलं. यांनी काष्टीच्या बाजारातनं एका मानसाकडनं लाल पुड्या आनल्या. जडीबुटी हाय, साईड इफेक्ट न्हाई. तिसऱ्या दिशी आईच्या मुठी वळाया लागल्या. तुज्या डाक्टरला लागत्यात दोन-तीन महिने, ह्यानं तीन दिसांत केलं. भूक तर अशी, की आताच जेवली तरी परत भाकर मागती. तोंड गोल झालंय, गालाला लाली आलीय.

संक्रांतीला सगळी पावनी बोलावली. आईला नवं झंपर घातलं आनि अंगनात मधी खुर्चीवर बसवली. बाह्या कशा दंडावर भरून बसल्यात बघ म्हनलं सगळ्यांस्नी. फोटू गुरूपवर टाकला. गोजरबाईनं लगीच लिवलं, "लेकीच्या हातचं खाल्लं की असं असतंय." तुला गुरूपातनं काढलंय, म्हनून सांगते.

माऊलीला म्हनलं, तुज्या बायकूच्या घरात आई वाळली, बहिनीच्या घरात भरली. आता असल्या बाईसंगं संसार करायचा का न्हाई, तुजं तू बघ.

आता लिव नंबर टाकून.

सविता

*

अहिल्यानगर
२५ जानेवारी

सविताताई,

तिळगूळ पोचला. फोटो ज्ञानेश्वरांनी दाखवला.

मी विचारलेल्या तीन गोष्टींची उत्तरं आली नाहीत. पण एक उत्तर तुमच्या पत्रात आहे. आईंना खुर्चीसकट काट्यावर ठेवावं लागलं. त्या स्वतः उभ्या का राहिल्या नाहीत?

पुडीत जडीबुटी असेलही. तीन दिवसांत सांधे मोकळे करणारी आणि तोंड गोल करणारी जडीबुटी मला माहीत नाही. स्टेरॉइड माहीत आहे. आमच्याकडे असे रुग्ण येतात. पुडी तपासल्याशिवाय मी खात्रीने सांगणार नाही, पण संशय दाट आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. डॉक्टर ते मोजून आणि शक्यतो थोड्या काळासाठी देतात. न मोजता रोज पोटात गेलं की दाह दबतो, दुखणं जातं, भूक खवळते. चरबी तोंडावर, पोटावर, मानेमागे चढते, अंगात पाणी साठतं. आणि दंड-मांड्यांचं मांस ते औषध स्वतःच उतरवतं. म्हणजे आधी आजार मोडत होता, आता औषधही मोडतंय, आणि दुखत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. आडतीचा काटा मांस, चरबी आणि पाणी वेगळं करून दाखवत नाही.

पुढचं वाक्य नीट वाचा, खाली रेघ मारली आहे. पुडी एकदम बंद करू नका. शरीर हे द्रव्य थोडं स्वतः बनवत असतं. बाहेरून भरपूर मिळालं की बनवायचं थांबवतं. मग अचानक बंद केलं तर उलट्या होतात, ग्लानी येते, जिवावरही बेतू शकतं. पुडी चालू ठेवूनच डॉक्टरकडे न्या. एक पुडी सोबत न्या. कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.

तुमच्याकडे टेप आहे आणि आईंचं जुनं माप तुम्हाला पाठ आहे. दंडघेर घेऊन बघा. मला कळवलं नाहीत तरी चालेल.

संसार करायचा की नाही, हे मी ज्ञानेश्वरांशी बोलेन.

मोनिका

*

मिरजगाव
९ फेब्रुवारी

मोनिका हिला,

सगळं बरं हाय. लगीनसराई हाय, मशीन थांबत न्हाई, उगंच मापं घेत बसायला मला येळ न्हाई. दंड दंड काय लावलंयस.

आई बरी हाय. गारठा हाय म्हनून अंथरुनातच असती. भांडं लावलेली खुर्ची आनलीय, मागल्या दारी लांब जायाला नको म्हनून. यांच्या पुतन्याच्या लग्नाला नेली हुती तिला. सगळ्या भावकीनं बघितली. सगळी म्हनली, सुधारली.

काष्टीला आता जात न्हाई आमी.

आईच्या ट्रंकेत जागा न्हाई म्हनून जुने कपडे गाठोडं बांधून माऊलीबरूबर देवळालीला धाडलेत.

तू लिवत जाऊ नको. कडूबाई दर पत्राला इचारती.

सविता

*

अहिल्यानगर
१७ फेब्रुवारी

सविताताई,

रविवारी माझे कपडे आणि पुस्तकं आणायला देवळालीला गेले होते. गाठोडं ओसरीत पडलेलं होतं. कपड्यांना कसर लागेल म्हणून सोडलं. जुन्या कपड्यांत संक्रांतीचं झंपर निघालं. फोटोतलंच, जांभळं, बारीक ठिपक्यांचं.

ते मी उलटं करून पाहिलं. कडेच्या शिवणी आत दुमडलेली कापडाची माया संपेपर्यंत सैल केल्या आहेत. पोट वाढलं आहे. बाह्या मात्र आवळल्या आहेत, दोनदा. एक टीप आणि तिच्या आत दुसरी. मी माझा हात घालून पाहिला. कोपराच्या अलीकडेच अडकला.

म्हणजे दंडघेर तुम्ही घेतला होता. मी सांगायच्या आधीच घेतला होता. फोटोत बाही भरून बसलेली दिसते, ती दंड भरला म्हणून नव्हे.

हे झंपर मी कुणाला दाखवलेलं नाही, ज्ञानेश्वरांनाही नाही. त्याचा मला काही उपयोग करायचा नाही. मी त्यांना म्हणाले, आईंना डॉक्टरकडे न्या. ते म्हणतात, ताईने हो म्हटल्याशिवाय मी आईला हलवणार नाही. आईंना त्यांनी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, सविता म्हणेल तसं. म्हणजे आईंचे उपचार तुमच्या एका शब्दावर अडले आहेत.

'काष्टीला आता जात न्हाई' असं तुम्ही लिहिलंत. पुडी बंद केली आहे का? याच्या उत्तरासाठी कागद नको. हे वाचताच फोन करा. रेकॉर्ड करायचा असेल तर करा.

मोनिका

*

मिरजगाव
२२ फेब्रुवारी

मोनिका हिला,

फोन लावला हुता. तू उचलला आनि मी ठिवला.

आधी पुडीचं सांगते. तुजं ते मोठं पत्र मी रागारागात वाचलं. स्टेरॉइड म्हनलीस तितंच डोकं फिरलं, फुडचं नीट बघितलंच न्हाई. रेघ बी बघितली न्हाई. मनात म्हनलं, इख हाय तर बंद. यांना काष्टीला जाऊ दिलं न्हाई. पुड्या सरल्या. मग आईला उलट्या लागल्या, डोळं उघडंना, हाक मारली तर नुसती व्हटं हालायची. तवा पत्र परत काढून वाचलं. हे गाडी घिऊन गेले आनि त्या मानसाच्या घरनं पुड्या आनल्या. परत चालू केल्यात. आई आता बोलती, खाती. पन उठत न्हाई. कूस बदलायला बी मला बलावती.

झंपराचं म्हंशील तर व्हय, आवळली मी बाही.

संक्रांतीच्या आदल्या दिशी शिवून घातलं, तर पंगतीत लोंबली हुती तशीच बाही लोंबली. इतकी खीर, इतकं सूप, चार किलो वजन, आनि बाही लोंबती. मी आईला पुढ्यात बसवून टेप लावली. बाई, टेप फिरून कुठं आली सांगू? शाळकरी पोरीच्या फ्रॉकची बाही शिवताना येती तितं. मी मशीनवर डोकं ठिऊन रडाया लागले. आई म्हनली, "रडू नगं. आवळ बाही. मार दोन टिपा. उद्या मानसं बघत्याल आनि तुला नावं ठिवत्याल." पुतन्याच्या लग्नाच्या आदी परत आवळली, तवा बी आईनंच हात वर केला. हात वर धरवत नव्हता तिला, मी खालनं उशी लावली.

आनि एक सांगते. सांगू नये असं वाटतं, पन सांगते. त्या दिशी मी इचारलं, आई, खरं सांग, देवळालीत तुला खाया मिळत हुतं का? तर म्हनली, "न मिळायला काय झालं? मोनिका ताट निपटून झाल्याबिगर उठू देत नव्हती. अंडं खानार न्हाई म्हनलं तर म्होरं बसून राह्याची, तोंडातनं शबुद न काढता." मी म्हनलं, मग पंगतीत का न्हाई बोललीस? तर म्हनली, "तू एवढ्या मानसांत बोलून बसलीस. माज्या लेकीला खोटी कशी पाडू?"

आता तूच सांग मी काय करू. दवाखान्यात नेलं तर डाक्टर इचारनार, गोळी कोनी बंद केली. पुडी कोनी दिली. आई तुज्या गोळीनं उठली तर मी भावकीत कुठल्या तोंडानं बसू? आनि न्हाई उठली तर कुठल्या तोंडानं जगू? हे म्हनत्यात, आता झालं ते झालं, वय झालंय तिचं. मला तसं म्हनवत न्हाई आनि दवाखाना बी म्हनवत न्हाई.

मला थोडा इचार करू दे.

सविता

*

अहिल्यानगर
२६ फेब्रुवारी २०२६

सविताताई,

पत्र मिळालं. तो फोन तुमचा होता हे मला कळलं होतं. मागे आई पाणी मागत होत्या ते ऐकू आलं, म्हणजे त्या शुद्धीवर होत्या, म्हणून परत लावला नाही.

आईंनी तुम्हाला खोटं पडू दिलं नाही, मला पडू दिलं. हे लिहिलंत ते बरं केलंत. इतके दिवस माझी समजूत होती की पंगतीच्या गलक्यात त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

तुम्हाला विचार करायला वेळ हवा आहे. तो वेळ आईंच्या मांड्यांतून खर्च होतो आहे. कूस बदलायला माणूस लागतं म्हणजे पाठीचे आणि कमरेचे स्नायूही गेले. पडून राहिल्याने राहिलेले लवकर जातील. त्यानंतर छातीत कफ साठतो आणि तो खोकून काढण्याइतकंही बळ उरत नाही. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या दवाखान्यात असा क्रम मी पाहिला आहे.

नगरला संधिवाताचे डॉक्टर आहेत. त्यांची शुक्रवार, ६ मार्च, सकाळची वेळ मी आईंच्या नावाने घेतली आहे. आधीची वेळ मिळाली नाही. तोवर पुडी रोज, आहे तेवढीच द्या. कमी करू नका, वाढवूही नका. उलट्या किंवा ग्लानी पुन्हा आली तर सहा तारखेची वाट बघू नका. त्याच क्षणी जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि पुडीचं सांगा. लपवलंत तर त्यांना चुकीचे उपचार करावे लागतील.

डॉक्टर विचारतील, गोळी कुणी बंद केली. 'मेडिकलवाल्याने कॅन्सरचं नाव काढलं, आम्ही घाबरलो' असं सांगा. ते खरं आहे. पुडी कुणी दिली विचारतील. 'बाजारातून आणली' सांगा. तेही खरं आहे. डॉक्टरांकडे रोज अशी माणसं येतात, ते रागावतात आणि पुढचं पान उलटतात. मी तपासणीच्या खोलीत येणार नाही. बाहेर बाकावर बसेन. आत माझी गरज लागली तर बोलवा.

आई उठतील असं मी लिहून देत नाही. आजाराने नेलेलं आणि पुडीने नेलेलं, दोन्ही मिळून सगळं मांस परत येत नाही. दाह आटोक्यात आला, पुडी हळूहळू सुटली आणि व्यायाम नेमाने झाला, तर काही महिन्यांनी खाटेवरून हात टेकून का होईना, स्वतः उठता येईल. तो व्यायाम कुणीतरी घ्यावा लागेल. मी घेऊ शकते. आईंची तयारी नसेल तर दवाखान्यातली दुसरी मुलगी पाठवीन.

भावकीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. काहीच सांगितलं नाहीत तरी शुक्रवारची वेळ रद्द होणार नाही. तुमच्या पत्रातलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही. झंपर माझ्या ट्रंकेत आहे, तिथेच राहील.

परवा ज्ञानेश्वर आले होते. तुम्ही त्यांच्याजवळ काही बोललात असं दिसलं. म्हणाले, "आता मिटलं ना सगळं? घरी चल." मी म्हणाले, काय मिटलं ते आधी ग्रुपवर लिहा, मग निघू. ते चहा अर्धा ठेवून गेले. माझ्या घरी येण्याचा आणि आईंच्या उपचारांचा संबंध नाही, म्हणून त्याचा विचार तुम्ही करू नका.

गाडी ज्ञानेश्वर आणतील. त्यांना फक्त तुमचा होकार हवा आहे. आईंना मागच्या सीटवर आडवं झोपवून आणा, गुडघ्यांखाली उशी द्या. सकाळचं खाणं आणि पुडी नेहमीप्रमाणे द्या, एक पुडी न फोडता सोबत घ्या, माळ्यावरची पिशवीही घ्या. आणि त्या दिवशी आईंना सैल बाहीचं झंपर घाला. डॉक्टरांना दंड बघायचा असतो.

आडतीवरून नगरला टेम्पो येतो, त्याच्याकडे चिठ्ठी दिलीत तरी मला मिळेल. उत्तर बुधवार, ४ मार्चपर्यंत द्या. हो किंवा नाही, एवढं लिहिलं तरी चालेल.

मोनिका